दोन स्लॅम आणि एक उणा गुण

रत्नागिरीच्या जांभ्या सड्यावर गोल्फची हिरवळ नाही, आणि ज्या मुलखात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो तेथे ती असावी असा आग्रहही कोणी धरत नाही. तथापि त्या श्रीमंत खेळाच्या इतिहासात स्त्रियांच्या ज्या दुर्मीळ गुणविक्रमांचे कौतुक सांगितले जाते, त्याच जातीचा एक विक्रम आपल्या पडवीत आणि माजघरात, चौऱ्याहत्तर सेंटिमीटरांच्या गुळगुळीत लाकडी चौकोनावर, पिढ्यान्‌पिढ्या घडत आला आहे. त्या विक्रमाचे नाव स्लॅम, आणि तो खेळ अर्थातच कॅरम.

एकेका फेरीला खेळाडू ‘बोर्ड’ म्हणतात. बोर्डाच्या आरंभी मध्यवर्तुळात राणी, तिच्याभोवती ९ पांढऱ्या आणि ९ काळ्या सोंगट्या अशी मांडणी असते. फोडणाऱ्याच्या वाट्याला पांढऱ्या येतात. सोंगटी पडत राहील तोवर खेळी आपलीच, हा या खेळाचा मूळ शिरस्ता. त्याचा लाभ घेऊन ब्रेक करणाऱ्या खेळाडूने आपल्या नऊही सोंगट्या आणि राणी पहिल्याच खेळीत घेतल्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला स्ट्रायकरला बोटही लावू दिले नाही, तर तो व्हाइट स्लॅम; ‘ब्रेक टू फिनिश’ असेही त्याला म्हणतात. आणि समोरच्याची खेळी चुकल्यावर दुसऱ्याने आपल्या पहिल्याच खेळीत सर्व काळ्या सोंगट्या राणीसह उचलल्या, तर तो ब्लॅक स्लॅम. पहिल्यात आपणच फोडलेला डाव आपणच निस्तरायचा असतो. दुसऱ्यात प्रतिस्पर्ध्याने जशी मांडणी टाकून दिली असेल तशी ती निमूटपणे स्वीकारून तिच्यातून वाट काढायची असते.

ही गोष्ट किती अवघड आहे हे जवळ बसून पाहिल्याखेरीज कळत नाही. पॉकेटचा व्यास साडेचार सेंटिमीटरांहून किंचित कमी, सोंगटीचा तीन सेंटिमीटरांहून किंचित अधिक. म्हणजे चुकीला मुभा अशी जेमतेम बोटाच्या पेराएवढी. स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही, तो ठेवताना बेसलाइनच्या दोन्ही रेघांना त्याचा स्पर्श व्हावा लागतो, फटक्याला मुदत १५ सेकंदांची असते, आणि खेळ चालू असता खुर्ची सरकवण्याची सोय नसते. आता आषाढातली आपली हवा ध्यानात घ्या: बोरिक पावडर दमटते, लाकूड फुगते, सकाळी सरळ धावणारी सोंगटी सायंकाळी अडखळते. अशा बोर्डावर एखादी मुलगी लागोपाठ सहा सोंगट्या घेते, सातवीला राणी जोडून घेण्याचा बेत करते, राणी पडताच पुढच्या फटक्याला तिचे कव्हर, म्हणजे तिच्या पाठोपाठ घ्यायची आपली सोंगटी, शोधते, आणि शेवटची सोंगटी फ्रेमला चिकटून बसलेली असल्याने स्ट्रायकर समोरच्या कडेवर आपटून रिबाउंडने ती मोकळी करून घेते, तेव्हा भोवतालची माणसे श्वास रोखून का उभी असतात याचा उलगडा होतो.

आता नियमांतील एक गंमत पाहा. गेम २५ गुणांचा असतो. बोर्ड जिंकणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या उरलेल्या प्रत्येक सोंगटीचा एक गुण आणि राणीचे तीन गुण मिळतात. स्लॅम झाला की नऊ आणि तीन मिळून १२ गुण. एका बोर्डात याहून अधिक मिळूच शकत नाहीत. पहिल्या बोर्डात व्हाइट आणि दुसऱ्यात ब्लॅक असे दोन स्लॅम एखादीने लागोपाठ केले, तरी बेरीज २४ होते, आणि गेम एका गुणाने उरतोच! जुन्या रीतीप्रमाणे गेम २९ गुणांचा आणि राणी पाच गुणांची होती; तेव्हाही दोन स्लॅमांचे २८ होऊन एक गुण कमी पडे. पराक्रमाला पूर्ण दाद द्यावी, परंतु विजयाचा दाखला त्याच्या बळावर परस्पर देऊ नये, असाच जणू या खेळाचा हुकूम आहे. याचा परिणाम असा, की निकालपत्रात केवळ ‘२५-९’ अशी ओळ छापली जाते आणि तिच्या पोटात स्लॅम होता की नव्हता हे त्या आकड्यांवरून कोणालाच सांगता येत नाही. तो पंचाने गुणपत्रकावर स्वतंत्रपणे नोंदवला तरच उरतो.

नोंदीचे हे महत्त्व गोल्फने फार आधी ओळखले. स्वीडनच्या अनिका सोरेन्स्टामने १६ मार्च २००१ रोजी अमेरिकेतील फिनिक्स शहरी मून व्हॅलीच्या मैदानावर १८ होल अवघ्या ५९ फटक्यांत पूर्ण केले. मैदानाचे ठरीव फटके ७२ होते. तिने पहिल्या आठही होलांवर एकेक फटका वाचवला आणि दिवसाअखेर असे १३ फटके वाचवले. तो दिवस आज जगाला होलागणिक ठाऊक आहे, कारण प्रत्येक होलाचा आकडा कार्डावर उतरला आणि त्याखाली सही झाली. याच दप्तराची कठोर बाजूही आहे. १९५७ च्या अमेरिकन महिला खुल्या स्पर्धेत हवाईची जॅकी पंग सर्वांत कमी, म्हणजे २९८ फटक्यांत खेळली. परंतु अखेरच्या फेरीच्या कार्डावर चौथ्या होलापुढे सहाऐवजी पाच लिहिले गेले होते आणि त्यावर तिची सही होती. एकूण बेरीज बिनचूक असूनही ती बाद ठरली आणि विजेतेपद बेट्सी रॉल्सकडे गेले. निवाडा निष्ठुर होता खरा, पण ज्या खेळात लेखी आकड्याला इतकी किंमत असते, तेथेच पन्नास वर्षांपूर्वीची फेरीसुद्धा आज छातीठोकपणे सांगता येते.

आपल्याकडे नेमके याच्या उलट घडले. मुंबईच्या चाळीतून चाकरमान्याने एस.टी.च्या टपावर बांधून आणलेला कॅरमबोर्ड कोकणातल्या घरोघर पोहोचला. पावसाळ्याच्या दुपारी, गणपतीच्या सुटीत त्याभोवती बाया-पोरी बसल्या, आणि त्यांच्यातल्या कित्येकींचे हात तयार झाले. त्यांनी स्लॅम केले नसतील असे कोण म्हणेल? पण तेथे पंच नव्हता, गुणपत्रक नव्हते. हिशेब पाटीवर खडूने लिहिला जाई आणि चहाची वेळ झाली की पुसला जाई. पुरुषांचा खेळ क्लबात आणि उत्सवमंडळाच्या मांडवात गेला, म्हणून त्याची बारनिशी झाली.

ही स्थिती आता पालटली आहे. राज्यपातळीवरील स्पर्धांच्या वृत्तांतांत व्हाइट आणि ब्लॅक स्लॅमची संख्या दिली जाते. रत्नागिरीच्या आकांक्षा कदमचे नाव महाराष्ट्राच्या महिला कॅरमपटूंत आदराने घेतले जाते. आणि चेन्नईच्या एका रिक्षाचालकाच्या कन्येने, काझिमाने, २०२४ साली अमेरिकेत झालेल्या जागतिक स्पर्धेत तीन सुवर्णपदके मिळवून, या खेळाला ऐपत लागत नाही हे सिद्ध केले आहे.

म्हणून जिल्ह्यातील मंडळांना, शाळांना आणि वाचनालयांना माझी एक विनंती आहे. यंदाच्या गणेशोत्सवात कॅरमची स्पर्धा भरवाल तेव्हा मुलींचा गट स्वतंत्र ठेवा, त्यांच्या सामन्यांनाही पंच बसवा, आणि एखादीने स्लॅम केला तर तिचे नाव, गाव, तारीख आणि बोर्डाचा क्रमांक मंडळाच्या वहीत शाईने लिहून ठेवा. स्पर्धा संपल्यावर ती वही रद्दीत घालू नका.