पायांचेही दर्शन घ्या
(ज्येष्ठांच्या मासिक मेळाव्यातील भाषण)



देवळात आपण जोडे बाहेर काढतो, पण इंग्लंडच्या हवेत मोजे पायातच राहतात. आज त्या मोज्यांविषयीच बोलतो.

गेल्या मे महिन्यात आरतीच्या वेळी माझ्यापुढे उभ्या असलेल्या एका काकांच्या मोज्यावर, टाचेपाशी, ओला डाग दिसला. ते नुकतेच भारतातून परतले होते. तिथे भर दुपारी तापलेल्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घातली, टाच भाजली, फोड फुटून चिघळला. "दुखत नाही हो, डॉक्टर," ते म्हणाले. जुन्या मधुमेहाने पाय बधिर झालेले; दुखणार कसे? दोनच दिवसांपूर्वी मी फोनवर त्यांची चौकशी केली होती. "ठणठणीत आहे," म्हणाले आणि मी डॉक्टर असूनही विश्वास ठेवला. पाय वाचला, पण जखम भरायला चार महिने लागले.

नर्स तपासताना चार गोष्टी करते: पाहणे, चाचपणे, बोटांनी ठोकणे आणि स्टेथोस्कोपने ऐकणे. आपले वैद्यही दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न सांगत. दोन्हीकडे पहिला मान पाहण्याचा. मोजे घातलेला पाय कोणाला दिसणार?

मधुमेह असेल तर एनएचएसतर्फे वर्षातून एकदा पाय तपासतात. ती वेळ चुकवू नका. नर्स बोटांच्या बेचक्यांत पाहते, पायाची ऊब आणि पावलावरची नाडी चाचपते. मग डोळे मिटायला सांगून नायलॉनचा बारीक तंतू तळव्याला टेकवते. जाणवला नाही तर "नाही" म्हणा. ही परीक्षा पास होण्यासाठी नसते.

घरी रोज रात्री तळवे आरशात पाहा. नडगीवर अंगठा थोडा वेळ दाबा. खळगा तसाच राहिला तर पायावर सूज आहे, डॉक्टरांना सांगा. बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नका. फोड, जखम, लाली दिसली तर त्याच दिवशी फोन करा.

शेवटी एक विनंती. आपल्या काही आजी इंग्रजीच्या संकोचाने नर्सला नुसते "ओके, ओके" म्हणून परत येतात. त्यांना गाडीने नेणारे आणि शेजारी बसून मराठीत समजावणारे स्वयंसेवक न्यासाला हवे आहेत. महिन्यातली एक सकाळ द्या. कार्यालयात नाव नोंदवा. तीही देवाचीच सेवा आहे.

आणि आज घरी गेल्यावर आधी मोजे काढा!