झियारतचे जुनिपर-अरण्य

बलुचिस्तानातील झियारतच्या रुक्ष पर्वतउतारांवर, जिथे पर्जन्य अल्प आणि हिवाळा कठोर, तिथे सुमारे १ लाख हेक्टरांवर पसरलेल्या ज्या पुरातन जुनिपर-अरण्यास २०१३ साली युनेस्कोने जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला, त्यातील वृक्ष दीर्घकाळ दफ्तरी ‘एक्सेल्सा’ या जातीचे म्हणून नोंदले गेले; पुढे पर्णतैलाच्या व आनुवंशिक द्रव्याच्या परीक्षणाने ते ‘सेरावशानिका’ ठरले. शुष्क काष्ठाच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग कर्बाचा असल्याने, अतिमंद गतीने वाढणाऱ्या या खोडांत शतकानुशतके साठलेला कर्ब सरपणाबरोबर धूर होऊन वातावरणात परततो, ही हानी कोणत्याही नव्या लागवडीने आपल्या हयातीत भरून येणारी नाही. तोडबंदीचा हुकूम पुरेसा नाही. पहाडी कुटुंबांस हिवाळ्यात पर्यायी इंधन पुरविणे हेच तेथील सरकारचे पहिले कर्तव्य होय.