पहिला प्रोग्राम आणि ८९६चा हिशेब
(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)



कॉम्प्युटर शिकणाऱ्याचा पहिला प्रोग्राम ठरलेला असतो. कर्निघन आणि रिची यांच्या १९७८ सालच्या ‘सी’ भाषेवरील पुस्तकापासून तो पडद्यावर ‘हॅलो, वर्ल्ड’ उमटवतो. माझा पहिला प्रोग्राम मात्र घरच्या अडचणीतून निघाला.

माझी नात घरात मराठी बोलते, शाळा कन्नड माध्यमाची. बिदर-कलबुर्गीकडच्या आपल्या अनेक घरांत हेच चित्र आहे. गेल्या गणपतीत आजीच्या आरतीच्या वहीसमोर ती नुसते ओठ हलवत उभी होती. मला ते लागलं.

माझा नातू इंजिनिअरिंगला आहे. त्यानं मला पायथन भाषा दाखवली. म्हणाला, “आजोबा, कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही, त्याचा क्रमांक कळतो.” युनिकोडच्या तक्त्यात देवनागरी ‘क’चा क्रमांक २३२५, कन्नड ‘क’चा ३२२१. फरक ८९६. ‘ख’, ‘ग’, काना, वेलांटी, अगदी आपल्या ‘ळ’लाही तोच फरक, कारण दोन्ही लिप्या तक्त्यात एकाच क्रमानं मांडल्या आहेत.

मग मी लिहिलं: ओळ घे, एकेक अक्षर उचल, क्रमांकात ८९६ मिळव, मिळालेलं अक्षर पुढे जोड, शेवटी सगळं दाखव. जेमतेम पाच ओळी. ‘बीदर’ टाइप केलं आणि पडद्यावर कन्नड लिपीत बीदर!

हुरूप येऊन पूर्ण नाव टाकलं, तर नाव आणि आडनावामध्ये कमानीसारखं भलतंच अक्षर. नातू हसला. मोकळ्या जागेलाही क्रमांक असतो, ३२. त्यात ८९६ मिळवले की ९२८, म्हणजे ग्रीक ‘पाय’! ‘मोकळी जागा असेल तर तशीच ठेव’ अशी अट घातली. ‘डॉक्टर’ अजून अडतो. ‘ऑ’च्या मात्रेसमोर कन्नड तक्त्यात जागा रिकामी आहे.

यंदा सगळ्या आरत्या कन्नड लिपीत छापून दिल्या. पहिल्या दिवशी पोरगी मोठ्यानं म्हणाली. तिसऱ्या दिवशी पाहतो तर छापील कागदाशेजारी आजीची वही उघडून एकेक अक्षर जुळवत बसलेली. वहीतल्या दोन ओळी तिनं स्वतः वाचल्या.

मुलांनो, पहिला प्रोग्राम आपल्या घरातल्या कुणाच्या तरी अडचणीवर लिहा. चुकलात तर घाबरू नका, मोकळी जागा तपासा.

गणपती बाप्पा मोरया!