मिश्रधातूंचें गणित

घरांतील पितळेची कळशी म्हणजे तांबें व जस्त यांचें मिश्रण. असें नवें मिश्रण शोधण्याचें काम पूर्वी भट्टीपाशींच वर्षानुवर्षें चाले. परंतु ४० मूलद्रव्यांतून पांच निवडावयाचीं म्हटलीं, तरी ६,५८,००८ जुळण्या होतात. प्रमाणांचे भेद निराळेच! इतक्या मुशी कोण तापविणार?

ही चाळणी आतां संगणक लावतो. कोणत्या उष्णतामानास कोणते स्फटिक बनतील, ठिसूळपणा कोठें येईल, हें उष्मागतिकीच्या नियमांवरून काढून तो निरुपयोगी मिश्रणें आधींच वगळतो. अमेरिकेंत विमानाच्या चाकांना आधार देणारें पोलाद गंजूं नये म्हणून त्यावर विषारी कॅडमियमचा मुलामा देत. तो टाळण्यासाठीं 'फेरियम एस ५३' हें गंजास दाद न देणारें पोलाद गणिताच्या साह्यानें रचण्यांत आलें, आणि २०१० सालीं तें टी-३८ विमानाबरोबर आकाशांत गेलें.

तथापि गणित शिफारस करतें, हमी देत नाहीं. वारंवार पडणाऱ्या ताणानें भेग केव्हां जाईल, हें नमुना प्रत्यक्ष तोडूनच ठरवावें लागतें. ज्या धातूवर माणसांचे प्राण विसंबतात, त्याची अखेरची परीक्षा कसोटीयंत्रावरच झाली पाहिजे.