दुधांतून परतणारा प्रकाश

कोजागरीच्या रात्रीं दुधाच्या पेल्यांत चंद्राचें बिंब पाहून मग तें प्राशन करण्याची आपली रीत आहे. आज मी सांगणार आहें ती गोष्ट त्या दुधाची आणि त्या चंद्राचीहि आहे.

दूध पांढरें दिसतें, पण त्यांत पांढरा असा कोणताच रंग नसतो. स्निग्धांशाचे व प्रथिनांचे सूक्ष्म कण त्यांत अस्ताव्यस्त तरंगत असतात. आंत शिरलेला प्रकाश एका कणावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा भटकतो आणि भलत्याच दिशेनें बाहेर पडतो. एवढ्या भटकंतींत त्याचें तरंगपण पार पुसून जात असावें, असेंच कोणालाहि वाटेल. पदार्थविज्ञानांतले हिशेबहि पुष्कळ काळ असेच मांडले जात.

पण एक दिशा या हिशेबाला जुमानीत नाहीं. समजा, एक तरंग 'अ' कणावर आदळून, वाटेंत दहा कणांना भेटून, 'ब' कणावरून बाहेर पडला. त्याच वेळीं दुसरा तरंग 'ब'वर आदळून त्याच दहा कणांना उलट क्रमानें भेटत 'अ'वरून बाहेर येतो. वाट तीच, लांबीहि तंतोतंत तीच! म्हणून आल्या दिशेनेंच परततांना दोघांचीं शिखरें जुळतात, आणि एरवीं मिळाला असता त्याच्या जवळजवळ दुप्पट प्रकाश मिळतो. दिशा अंमळ ढळली कीं ही जोडी फुटते. कण कितीहि विस्कळित असोत, या जोडीला त्याचें काय?

१९८४ सालीं कुगा व इशिमारू यांना ही वाढ प्रथम आढळली. पुढल्याच वर्षीं ॲम्स्टरडॅम येथें व्हान आल्बाडा व लागेंडाइक यांनीं, आणि ग्रनोबल येथें वोल्फ व मारेट यांनीं, पाण्यांत प्लॅस्टिकचे सूक्ष्म गोळे मिसळून ती बारकाईनें मोजली. तेजाचा तो सुळका एका अंशाहूनहि अरुंद होता. घरीं दिवा घेऊन पाहूं म्हणाल, तर आपलेंच डोकें दिव्याच्या आड येईल. प्रयोगशाळेंत त्यासाठीं अर्धपारदर्शक कांच वापरतात.

आतां चंद्राकडे वळूं. पौर्णिमेचा चंद्र अर्ध्या चंद्राच्या दुप्पट नव्हे, सुमारें दहापट तेजस्वी असतो. सूर्य आपल्या पाठीशीं आला कीं चंद्रावरील सावल्या त्या त्या वस्तूंमागेंच लपतात, हें त्याचें एक मोठें कारण. शनीच्या कड्यांविषयीं जेलिगर यांनीं १८८७ सालीं असाच खुलासा केला होता. परंतु अपोलोच्या यात्रिकांनीं आणलेली माती तपासून हापके व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९३ सालीं दाखविलें कीं, अगदीं शेवटच्या अंशांतील वाढींत जुळ्या वाटांचाहि हात आहे. कोणाचा वाटा किती, हा वाद मिटलेला नाहीं.

१९९४ सालीं चंद्राभोंवतीं फिरलेल्या क्लेमेंटाइन यानाच्या मापनांत चार अंशांपासून शून्यापर्यंत हें तेज चाळीस टक्क्यांहून अधिक वाढलेलें आढळलें. त्यांतला अखेरचा चढ मात्र आपल्या गच्चीवरून कधींच दिसावयाचा नाहीं. कारण तिघे नेमके एका रेषेंत आले कीं चंद्राला ग्रहण लागतें.