फोन लावायला एक कोपरा हवा

हातातलं काम चालू असेल तर राहू द्या, कान तेवढे इकडे असू द्या.

आज बोलायचंय ते घरातल्या ताणाबद्दल, आणि त्यावर फोनवरून मिळणाऱ्या समुपदेशनाबद्दल. समुपदेशन म्हणजे या कामाचं शिक्षण घेतलेल्या माणसाशी मोकळं बोलायचं आणि त्या बोलण्यातून आपली आपण वाट शोधायची. आजवर यासाठी जिल्ह्याच्या गावाला जावं लागायचं. एसटीचं भाडं, बुडालेला रोज, आणि वर "वेड्याच्या डॉक्टरकडे गेली होती" हे ऐकून घ्यायचं. त्यामुळे जायचंच कोण?

केंद्र सरकारची टेली मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. नंबर आहे १४४१६. दिवसा-रात्री कधीही लावा, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. इंटरनेट लागत नाही, बटणाचा साधा फोनही चालतो. आधी भाषा निवडायला सांगतात, मग समुपदेशक बोलायला येतात. झोप लागते का, जेवण जातं का, घरात कोण कोण असतं, असं विचारतात. जिवाचं बरंवाईट करावं असं मनात येतं का, हेही विचारतात. त्या प्रश्नानं दचकू नका. विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही. उलट ज्याच्या मनात तो असतो, त्याला कुणीतरी विचारलं म्हणून हायसं वाटतं. गरज असेल तर पुढे मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात, नाहीतर जवळच्या सरकारी दवाखान्यात पाठवतात. सांगितलेली गोष्ट गुप्त ठेवून घेण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं आपल्याला दिलेला आहे.

इतकं सगळं आहे, नंबर भिंतींवर रंगवलाय, आशाताईही सांगतात. मग बाया फोन का करत नाहीत? मी बचत गटांचं काम करते, आठवड्यातून चार-पाच बैठकांना बसते. मला दिसतं ते असं, की अडचण नंबराची नाहीच, अडचण जागेची आहे. घर दोन खोल्यांचं. फोन नवऱ्याच्या खिशात. तो हाताला लागला तर रेंज ओट्यावर, आणि ओट्यावर सासूबाई निवडत बसलेल्या. "कुणाशी बोलतेस गं इतका वेळ?" हा प्रश्न दुसऱ्या मिनिटाला येतो. अशा ठिकाणी कोण सांगणार, की पोरावर हात उचलला आणि आता मलाच झोप येत नाही म्हणून? आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसून मनातलं ओवीत घालायच्या. त्या वेळी तिथे पुरुष माणूस फिरकत नसे. जातं गेलं, तो कोपराही गेला. गिरणीच्या रांगेत कोण मन मोकळं करणार!

हा कोपरा गट देऊ शकतो. बैठकीची जागा आपल्याकडे असतेच. समाजमंदिर असेल, अंगणवाडीची खोली असेल. बैठक उठल्यावर अर्धा तास किल्ली एकीकडे ठेवायची. ज्या बाईला बोलायचंय तिनं आत बसायचं, बाकीच्यांनी बाहेर पोरं सांभाळायची. गटातल्या एखादीचा फोन तिला द्यायचा. पण एक अट पाळायची. बाहेर आल्यावर "काय म्हणाले?" असं विचारायचं नाही. तिला वाटलं तर ती सांगेल. ज्या गटात ही अट मोडेल, तिथे दुसरी बाई त्या खोलीत पाऊल टाकणार नाही, हे लिहून ठेवा.

ताण आधी कुठे दिसतो, तर तोही बैठकीतच. नेहमी पुढे बसणारी मागे सरकते. हप्ता दुसरीच्या हाती पाठवते. सहीसाठी पेन धरते आणि नुसती बघत राहते. आपण लगेच दंड लिहितो. दंड लिहायच्या आधी "घरी कसं काय चाललंय?" एवढं बाजूला घेऊन विचारा. कापूस भिजला असेल, दारात फायनान्सवाला बसलेला असेल, दहावीतलं पोर पुस्तक उघडत नसेल. बाळंतीण असेल तर जास्त लक्ष द्या. बाळंतपणानंतर दोन आठवडे उलटले तरी रडू थांबत नसेल, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नसेल, तर ते नखरे नाहीत आणि नजरही लागलेली नाही. तो आजार आहे आणि उपचारानं बरा होतो.

पुरुषांचं वेगळंच. ते स्वतःहून फोन करायला सहसा तयार होत नाहीत. "मला काय झालंय?" म्हणतात. पण घरच्या माणसानं त्यांच्यासाठी फोन केला तरी चालतो. नवरा रात्रभर जागा असतो, कुणाशी बोलत नाही, त्याच्याशी कसं वागू, एवढं विचारलं तरी समुपदेशक वाट दाखवतात.

एक भेद मात्र नीट समजून घ्या. दोघांचं पटत नाही, पैशावरून धुसफूस होते, पोरांवरून वाद होतात, तिथे दोघांनी मिळून समुपदेशन घ्यावं. पण जिथे मारहाण आहे, तिथे नवऱ्याशेजारी बसवून बाईला बोलायला लावू नका. ती खरं बोलणार नाही, आणि बोललीच तर रात्री त्याची किंमत मोजेल. तिच्यासाठी १८१ ही महिला हेल्पलाइन आहे. फोन घरातल्या सगळ्यांच्या हातात फिरत असेल, तर लावलेला नंबर यादीतून पुसायला तिला शिकवा.

आता पैसे घेऊन ऑनलाइन समुपदेशन देणारेही पुष्कळ झालेत. चांगले आहेत, तसे भामटेही आहेत. शिक्षण आणि नोंदणी विचारायची. "तीन बैठकांत नवरा मुठीत" असं कुणी सांगितलं तर फोन ठेवायचा. ओटीपी मागितला तर समजून जा. आणि गोळ्या चालू असतील, तर कुणाच्याही बोलण्यावरून मनानं बंद करायच्या नाहीत.

शेवटी एक अवघड गोष्ट. घरातलं कुणी "आता सगळं संपवतो" असं म्हणालं, तर ते नाटक समजू नका. त्या माणसाला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध त्याच दिवशी घरातून हलवा, शेजारच्या कुलपात ठेवा. तो क्षण टळला की पुष्कळदा माणूस वाचतो. कुणी औषध प्यालंच, तर घरगुती उपाय करत बसू नका. १०८ ला फोन करा आणि औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या. केस होईल या भीतीनं लपवू नका. असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं धरून त्याला शिक्षा करू नये, असं मघाच्याच कायद्यात म्हटलंय.

पेन घ्या. गटाच्या पासबुकाच्या मागच्या पानावर लिहा, म्हणजे घरात कुणी विचारणार नाही: एक, चार, चार, एक, सहा. लागला नाही तर दुसरा नंबर आहे: एक आठ शून्य शून्य, आठ नऊ एक, चार चार एक सहा. आणि येत्या बैठकीत किल्ली कुणाकडे राहील, ते ठरवा.