एका विमानाचा पुनर्जन्म
(ज्ञातिमंडळाच्या जाम येथील वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. शिक्षण, हुंडा, विवाहातील अवाजवी खर्च, या विषयांवर अधिकारी वक्ते दरसाल बोलतातच. म्हणून आज आम्ही एका लढाऊ विमानाची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. सुतारांच्या मेळाव्यात विमानाचे काय काम, असे कोणी मनात म्हणेल. त्यांनी थोडा धीर धरावा, अशी विनंती आहे.

इंग्लंडातील विंडसर गावी १८९३ साली एका सुताराच्या घरी एक मुलगा जन्मास आला. बारा भावंडांत हा थोरला. घरची स्थिती बेताची, त्यामुळे शाळा लवकरच सुटली आणि मुलगा बापाच्याच धंद्यात उमेदवारीस लागला. पुढे १९१४ साली तो एका विमानाच्या कारखान्यात शिरला, तोही सुतार म्हणूनच. हाच सिडनी कॅम. याने आखलेले 'हरिकेन' हे लढाऊ विमान नोव्हेंबर १९३५ मध्ये प्रथम आकाशात उडाले, आणि पुढे तशी साडेचौदा हजारांच्या आसपास विमाने बांधली गेली. सरकारने त्यास 'सर' ही पदवी दिली. परंतु त्याचा पहिला गुरू रंधाच होता, हे आपण विसरू नये.

या विमानाची घडणही आपल्या ओळखीची आहे. आतला सांगाडा पोलादी नळ्यांचा, त्यावर लाकडाच्या चौकटी व लांब पट्ट्या, आणि पाठीमागच्या भागावर ताणून बसविलेले लिननचे कापड. कापडावर रोगण चढविले की ते ढोलाच्या कातड्याप्रमाणे ताठ होई. गोळी कापडातून आरपार गेली, तरी ठिगळ लावून विमान पुन्हा कामास लागे. पुढे बारा नळकांड्यांचे मर्लिन इंजिन आणि पंखांत आठ यंत्रबंदुका. १९४० सालच्या ब्रिटनच्या लढाईत शत्रूची सर्वांत अधिक विमाने हरिकेननेच पाडली.

त्यांपैकी एकाचा क्रमांक आर ४११८. हे विमान १९४० च्या उन्हाळ्यात कारखान्यातून बाहेर पडले आणि ऑगस्टमध्ये ६०५ क्रमांकाच्या तुकडीकडे आले. ही तुकडी वॉरिक परगण्याची. १९२६ साली ती उभी राहिली, तेव्हा आपापला व्यवसाय सांभाळून सवडीने विमानविद्या शिकणाऱ्या नागरिकांची ती होती. सप्टेंबरच्या आरंभी तिला स्कॉटलंडातून लंडनजवळच्या क्रॉयडन तळावर आणले, आणि तेथे दिवसागणिक झुंज सुरू झाली. आर ४११८ ने त्या लढाईत ४९ वेळा शत्रूवर झेप घेतली व पाच विमाने पाडण्यात वाटा उचलला. तुकडीच्या नशिबी मात्र पुढे कठीण दिवस आले. १९४२ च्या आरंभी तिला पूर्वेकडे धाडले गेले, आणि सुमात्रा व जावा बेटांवरील पराभवात तिचे पुष्कळ लोक जपान्यांचे कैदी झाले.

हरिकेनचा आपल्या देशाशीही निकटचा संबंध आहे. १९४४ साली इंफाळच्या लढाईत आपल्या हवाई दलाच्या पहिल्या तुकडीने, अर्जनसिंग यांच्या नेतृत्वाखाली, याच जातीच्या विमानांतून कामगिरी बजावली. ब्रह्मदेशाच्या त्या आघाडीवर लढलेले आपले मराठी वीर हृषीकेश मुळगावकर पुढे १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलाचे प्रमुख झाले.

आर ४११८ मात्र लढाईसाठी हिंदुस्थानात आले नाही. जुने झाल्यावर डिसेंबर १९४३ मध्ये ते शिकाऊ वैमानिकांसाठी इकडे पाठविले गेले. युद्ध संपले, आणि १९४७ साली ते काशीच्या हिंदु विश्वविद्यालयास अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकरिता मिळाले. विद्यार्थी त्यावर शिकले. परंतु काळ बदलला, नवी यंत्रे आली, आणि हे विमान आवारात उघड्यावर उभे राहिले. कित्येक पावसाळे त्याच्या अंगावरून गेले.

१९८२ साली जुन्या मोटारींच्या शोधात हिंदुस्थानात आलेल्या पीटर व्हॅशर नावाच्या इंग्रज गृहस्थाच्या दृष्टीस ते पडले. ते पुढे त्यांच्या मनातून गेले नाही. पुष्कळ वर्षांच्या खटपटीनंतर २००१ मध्ये विमान इंग्लंडास नेण्याची परवानगी मिळाली. तेथे सफोक परगण्यातील कारागिरांनी त्याचा एकेक भाग सोडवून तपासला. चांगले ते राखले, कुजले ते जुन्या मापाने नवे घडविले. २३ डिसेंबर २००४ रोजी ते पुन्हा आकाशात उडाले. तरुणपणी ते चालविलेले वैमानिक बॉब फॉस्टर यांना वृद्धापकाळी त्याची पुन्हा भेट घडली.

येथे कोणी शंका काढील : लाकूड नवे, कापड नवे, मग विमान जुने कसे? बंधूंनो, आपल्या आजोबांनी केलेल्या बंडीचे आरे बदलले, पुठ्ठे बदलले, लोहाराने धाव नवी चढविली, तरी घरची माणसे तिला आजोबांचीच बंडी म्हणत, हे आपण पाहिले आहे. कारण माप तेच, रीत तीच आणि हात त्याच परंपरेचे. काशीचे विमान उडाले, कारण लाकडी चौकटी कशा घडवाव्यात व कापड कसे ताणावे हे जाणणारी माणसे त्या देशात अद्याप होती. ती नसती, तर पैसा असूनही ते गंजतच पडले असते.

आता आम्ही आमची एक चूक सांगतो. आमच्या वडिलांची हत्यारांची पेटी होती. त्यात वाकस, पटाश्या, गिरमिट, आणि मुठीवर त्यांच्या तळव्याचा खळगा पडलेला रंधा होता. आम्ही शिक्षक झालो, खडू हाती आला, आणि पेटी अडगळीत गेली. घर दुरुस्त करताना आम्ही ती भंगारवाल्यास वजनाने दिली. किती पैसे आले हेही आज स्मरत नाही. नातवाने परवा विचारले, "आजोबा, तुंबा कसा करतात?" छत्तीस वर्षे मुलांस उत्तरे शिकविणारे आम्ही निरुत्तर झालो. परदेशच्या एका माणसाने परक्या अंगणातील मोडके विमान ओळखले, आणि आम्ही आमच्या घरातील पेटी ओळखली नाही!

मुलांनी शिकू नये, सर्वांनी वाकसच धरावा, असे आम्ही म्हणत नाही. आम्ही स्वतः शिक्षणावर पोट भरले. परंतु बापाच्या धंद्याची लाज वाटणे हे शिक्षणाचे फळ नव्हे. सिडनी कॅम शिकत शिकत आकाशापर्यंत गेला, आणि लाकडाचे ज्ञान त्याने सोबत नेले.

म्हणून मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. आपल्या सभागृहाची एक खोली जुन्या हत्यारांसाठी राखावी, आणि प्रत्येक हत्यारासोबत ते वापरणाऱ्याचे नाव व गाव लिहून ठेवावे. दुसरी सूचना अधिक निकडीची आहे : ज्यांना बंडीचे चाक मुळापासून करता येते असे वृद्ध आपल्या पंचक्रोशीत आता थोडेच उरले आहेत. त्यांस मानाने बोलवावे, मुलांस त्यांच्यापुढे बसवावे आणि एक चाक पुरे करून घ्यावे. या जामच्या चौरस्त्यावरून रात्रंदिवस मोटारी धावतात. बंडीची गरज उरली नाही हे खरे. परंतु हाताचे ज्ञान एकदा गेले, की ते कोणत्याही भंगारात शोधून सापडत नाही.

पुढील वर्षीच्या मेळाव्यात ते चाक या व्यासपीठाशेजारी उभे असावे, आणि त्याचा तुंबा आमच्या नातवाने केलेला असावा, एवढीच आमची इच्छा आहे.